मदत हवी आहे: मॅजिकचे पत्ते ऑनलाइन खेळायला कोणता सिम्युलेटर? लाइन आणि नेट दोन्ही बेभरवशाचे

राम राम मंडळी,

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवतो. पुण्यातला आतेभाऊ 'मॅजिक : द गॅदरिंग' खेळतो. दिवाळीत आला तेव्हा दोन डेक (खेळायला तयार पत्त्यांचे गठ्ठे) घेऊन आला आणि मला नाद लावून गेला. मेंढीकोट नि रमीपलीकडे पत्त्यांत एवढं डोकं लागतं हे तेव्हा कळलं. आता पत्ते त्याच्याकडे आणि मी इथं.

दुकानातला कॉम्प्युटर 4 जीबी रॅमचा. लाइन कधी जाईल नेम नाही. इन्व्हर्टर आहे, पण लाइन गेली की थोड्या वेळात टॉवरही मान टाकतो. नेट म्हणजे मोबाईलचं हॉटस्पॉट, रोजच्या दीड जीबीतून.

आधी अरिना पाहिलं. मॅजिक काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीचं स्वतःचं आहे, फुकट आहे, नियम तेच सांभाळतं. तुमच्या पत्त्यावर समोरच्याला उत्तर देता येत असेल तर खेळ तिथं थांबतो. पण डाउनलोड काही जीबींचं, नवा संच आला की पुन्हा अपडेट. पत्ते खेळून कमवायचे नाहीतर विकत घ्यायचे. भावाचे डेक 'कमांडर' या प्रकारचे, म्हणजे 100 पत्ते, त्यातला एक म्होरक्या (तोच कमांडर), आणि सुरुवातीला 40 लाइफ. चौघांचं कमांडरचं टेबल अरिनात नाही, त्यासारखाच दोघांचा ब्रॉल तेवढा आहे. शिवाय नेट गेलं तरी घड्याळ चालूच.

2002 पासूनचं मॅजिक ऑनलाइन आहे, त्यात कमांडर आहे, पण पत्त्यांना पैसे मोजावे लागतात. ते नको.

मग कॉकाट्रिस. हे नुसतं टेबल आहे. पत्ता ओढा, आडवा करा, लाइफ कमी करा, सगळं आपल्या हातानं. नियम त्याला ठाऊकच नाहीत. मी भावाच्या पत्त्यावर पत्ता टाकला तर माझा आधी लागू होतो हे आम्हीच लक्षात ठेवायचं. दोघांपैकी एक जण माझ्यासारखा कच्चा असला की खेळ कमी आणि वाद जास्त, असं मला वाटतं.

नियम सांभाळणारे फोर्ज आणि एक्समेज असे दोन दिसतात, दोन्ही जावा या सॉफ्टवेअरवर चालणारे. माझ्या मशीनवर कोणता चालेल? आणि डाव अर्ध्यात तुटला तर काय?

(घरी 'ऑनलाइन पत्ते' म्हटलं की आईचा चेहराच पडतो. यात पैसे लावत नाहीत हे समजावणं वेगळंच काम.)

पऱ्हाटी : भाऊ, फोर्ज घ्या अन् मोकळे व्हा. एकदा उतरवलं की नेट नसलं तरी कॉम्प्युटरसंगं खेळता येते. लाइन गेली तर फोनवर खेळा, अँड्रॉइडवरही चालते. समोरचा कॉम्प्युटर कधी कधी येड्यासारखा पत्ता टाकते, पण नियम चुकू देत नाही. शिकायले तेच पाहिजे. पत्त्यांची चित्रं सगळी एकदम उतरवू नका, डेटा खाईन.

तिसरा डाव : भावाशी खेळायचं असेल तर एक्समेज. सर्व्हरवर टेबल लावा, पासवर्ड टाका, नियम यंत्र सांभाळेल. 4 जीबीत क्रोम बंद ठेवा मात्र. फोर्जमध्येही नेटवरून दोघांना खेळता येतं, पण एकाला होस्ट व्हावं लागतं, म्हणजे डाव त्याच्या कॉम्प्युटरवर चालतो, आणि मोबाईल नेटवर बाहेरून जोडणी सहसा आत येत नाही. होस्ट पुण्याच्या भावालाच करा, त्याच्याकडे ब्रॉडबँड असेल तर राउटरवर पोर्ट उघडून बघू दे.

कॉकाट्रिसला एवढ्यात नाव ठेवू नका. चित्रं बंद ठेवली तर जवळजवळ मजकूरच जातो-येतो, दीड जीबी संपणारच नाही. फोन स्पीकरवर टाकून खेळा. पत्ता मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि 'काही उत्तर आहे का?' विचारायचं, एवढी सवय लावली की वाद होत नाहीत. स्पेलटेबलचं कोणी सुचवेल, ते कॅमेऱ्यावर खरे पत्ते दाखवून खेळायचं आहे. तुमच्याकडे पत्तेही नाहीत आणि व्हिडिओला डेटाही नाही.

हुर्डा पार्टी : थोडं अवांतर. माझा पोरगा पोकेमॉनचे पत्ते खेळतो, त्याला काय द्यावं?

तिसरा डाव : 60 पत्त्यांचा पूर्ण खेळ हवा असेल तर पोकेमॉन टीसीजी लाइव्ह. 2024 मध्ये आलेलं पोकेमॉन टीसीजी पॉकेट 20 पत्त्यांचं, तीन गुणांत डाव संपतो, मोबाईलवर लहानांना तेच बरं. दोन्ही अधिकृत आहेत, पण पॉकेटमध्ये पैसे खर्चायची सोय आहे, तेवढी नजर ठेवा.

धागाकर्त्यांना एक सांगायचं राहिलं. फोर्ज, एक्समेज, कॉकाट्रिस हे चाहत्यांनी बनवलेले आहेत, कंपनीचे नाहीत. यु-गी-ओ या दुसऱ्या पत्त्यांच्या खेळासाठी चाहत्यांनी चालवलेलं ड्युएलिंग नेटवर्क तो खेळ काढणाऱ्या कोनामीच्या नोटिशीनंतर 2016 मध्ये बंद पडलं. हेही कधी बंद पडू शकतात, म्हणून डेकची यादी आपल्याकडे जपून ठेवा.

धागाकर्ता : आभारी आहे. आज रात्री फोर्ज उतरवतो, रविवारी भावाला होस्ट करायला लावतो. नाहीच जमलं तर एक्समेज. पण त्याचे 100 पत्ते एकेक करून शोधत बसायचे का?

पऱ्हाटी : काहून? भावाले यादी व्हॉट्सॲपवर टाकाले सांगा, एका ओळीत एक पत्ता, आधी आकडा मग इंग्रजी नाव. फोर्जच्या डेक एडिटरमंधी इम्पोर्ट आहे, तिथं चिकटवा. स्पेलिंग चुकलं तर तेवढा पत्ता वेगळा दाखवते, तो हातानं शोधा. अन् कमांडर कोणता हे यादीत वेगळं लिहाले सांगा.