मदत हवी आहे: गुडघ्याखालच्या कृत्रिम पायाला पिन लॉक की व्हॉल्व्ह? भाताच्या चिखलात उतरायचं आहे

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातून लिहिते आहे, जांबोटीच्या बाजूचं गाव. प्रश्न माझ्या अप्पांचा आहे. वय ६१. शुगरमुळं जखम चिघळली आणि चौदा महिन्यांपूर्वी त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. गुडघा वाचला, त्याखाली साधारण सहा इंच भाग आहे. आठ महिन्यांपासून ते कृत्रिम पाय घालतात. आत मोजे, त्यावर सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो कडक साचा, आणि गुडघ्याच्या वाटीच्या वर बांधायचा चामड्याचा पट्टा. घरात, अंगणात, देवळापर्यंत काठीशिवाय चालतात. हे दिवस बघायला मिळतील असं तेव्हा वाटलं नव्हतं.

यंदा रोपलावणीला ते पहिल्यांदा वाफ्यात उतरले. मी नको म्हणत होते. चौथ्या पावलाला चिखलानं पाय धरला आणि सॉकेट निम्मा निसटला. अप्पा हातांवर पडले. लागलं नाही, पण संध्याकाळी एवढंच म्हणाले, "मी पुढं गेलो, पाय मागं राहिला." त्यानंतर ते बांधावर बसूनच असतात. मला ते बघवत नाही.

बेळगावात पाय बनवणाऱ्यांकडं जाऊन आलो. त्यांनी जे दाखवलं त्यातलं मला समजलं ते असं. पहिलं म्हणजे रबरी स्लीव्ह. सॉकेटच्या वरून मांडीपर्यंत ओढायची. सगळ्यात स्वस्त, पण गुडघ्यामागं तिचा चोळामोळा होतो. अप्पा जेवायला खाली बसतात आणि आमचा संडासही भारतीय पद्धतीचा, त्यामुळं त्यांनी घालून बघितल्याबरोबर मान हलवली. दुसरा पिन लॉक. सिलिकॉनचा लायनर पायावर गुंडाळत चढवायचा, त्याच्या टोकाला पिन असते, ती सॉकेटच्या तळातल्या कुलपात कट्-कट् करत बसते. बटण दाबलं की सुटते. तिसरा प्रकार, लायनरला बाहेरून रबरी कडी असते, पाय आत दाबला की हवा एका व्हॉल्व्हमधून बाहेर जाते आणि परत आत येत नाही, त्या पोकळीनं सॉकेट धरून राहतो. पंपानं हवा ओढणारा चौथा प्रकारही आहे, पण किंमत ऐकून तो आम्ही सोडला.

आता माझी अडचण. पिन लॉकमध्ये "टोकाला ओढ लागते", म्हणजे कापलेल्या पायाच्या टोकाला, असं तिथंच बसलेल्या एका पेशंटनं सांगितलं. अप्पांना टोकाकडं नीट जाणीव नाही, जखम झाली तरी कळणार नाही, आणि मला सगळ्यात भीती त्याचीच आहे. व्हॉल्व्हवाल्यात चिखल गेला तर? शिवाय त्यांच्या बोटांना मुंग्या असतात, लायनर नीट गुंडाळता येईल का? दोन्ही घेऊन बघण्याएवढे पैसे नाहीत. शेतात वापरणाऱ्यांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद, निपाणीहून

ताई, माझाही गुडघ्याखालीच आहे, अपघातातला. नऊ वर्षं पिन लॉक वापरतोय. भरवसा म्हणाल तर कट्-कट् ऐकू आलं की पाय बसला हे कळतं, आणि कुलूप चांगलं असेल तर सॉकेट निघून येत नाही. दुपारी पाय आत बारीक झाल्यासारखा वाटतो, तेव्हा लायनरवर आणखी एक मोजा चढवायचा, टोकाला पिनेसाठी भोक असलेला. ही सोय मला फार उपयोगाची पडली.

पण तुमच्या पेशंटनं सांगितलं ते खरं आहे. पाय उचलला की सगळं वजन पिनेवर लोंबतं आणि टोकाचं मांस खाली खेचलं जातं. आमच्याकडं तंबाखूचं रान, माती बहुतेक कोरडी, तरी पहिली दोन वर्षं संध्याकाळी टोक लाल व्हायचं. चिखल पाय ओढतो तेव्हा ती ओढ कितीतरी वाढणार. आणि कुलपात वाळूचे कण गेले की बटण दबत नाही. एकदा पाय काढताच येईना, अर्धा तास गेला होता. अप्पांना टोकाची जाणीव नसेल तर मी पिनेचं नाव घेणार नाही.

प्रतिसाद, चिकोडीहून

मी पंधरा वर्षं पाय बनवण्याच्या कामात आहे. बेटा, आधी एक सांगतो. पाऊल वेगळं आणि पकड वेगळी. जयपूर पाय १९६८ साली रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी केला तो अनवाणी चालावं, उकिडवं बसावं, शेतात उतरावं यासाठीच. अप्पांचं पाऊल तसलं रबरी असेल तर ते चिखलाला चालतं. निसटला तो वरचा सॉकेट.

दुसरं असं की चौदा महिने म्हणजे पाय अजून आटत असण्याचा काळ. ढिल्या सॉकेटला कुठलीही पकड लावली तरी आत हालणारच. घरी बघा. अप्पांना पायावर पूर्ण भार देऊन उभं करा, सॉकेटच्या काठाशी मोज्यावर पेनानं रेघ मारा, मग पाय उचलायला सांगा. रेघ पाव इंचापेक्षा जास्त वर दिसली तर आधी सॉकेट बदलायला हवा. किती मोजे घालतात तेही मोजा.

पकडीचं म्हणाल तर शुगरच्या पेशंटला मी पोकळीवाला, म्हणजे तुमचा तिसरा व्हॉल्व्हचा प्रकार, सुचवतो. ओढ एका टोकावर न येता सगळीकडं वाटली जाते, आत हालणंही कमी होतं. पण त्याची एक अट आहे. पाय सकाळ-संध्याकाळ फार कमी-जास्त होत असेल तर कडी सुटते, आणि कडीवर मोजा चढवून भागत नाही. किडनीचा त्रास किंवा सूज असेल तर हे आधी सांगा. नवीन सॉकेट करताना पारदर्शक प्लॅस्टिकचा चाचणी सॉकेट मागा. त्यातून कातडी कुठं पांढरी पडते, तळाशी पोकळ राहते का, हे तुम्हालाही दिसेल. बोटांच्या मुंग्यांचं म्हणजे, लायनर पूर्ण उलटा करून टोकाला टेकवायचा आणि तळव्यांनी वर सरकवायचा, नखं लावायची नाहीत. टोकाशी हवा अडकता कामा नये. सुरुवातीला तुम्ही चढवून द्या. रोज रात्री आरशानं टोक बघायचं, हे मात्र कुठल्याही प्रकारात चुकवू नका.

पुन्हा मी, खानापूर

काका, दादा, तुमचे दोघांचे खूप आभार. आज सकाळी रेघ मारून बघितली. बोटाच्या पेराएवढी वर आली. आणखी दोन मोजे चढवल्यावर निम्म्यावर आली. म्हणजे सॉकेटच ढिला झाला होता आणि आम्ही महिनाभर पट्टा आवळत होतो. पट्ट्याखाली काळसर वळ पडलाय, तो आज नीट बघितला. किडनीचा रिपोर्ट मागच्या महिन्यात चांगला आला होता, सूज नाही.

सोमवारी चाचणी सॉकेटचं विचारायला जाणार आहोत. अप्पांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, कापणीपर्यंत होईल का.

एक शंका राहिली. लायनर रोज साबणानं धुवायचा असं बेळगावात सांगितलंय, पण आमच्याकडं श्रावण संपेपर्यंत कपडेसुद्धा चुलीजवळ वाळवावे लागतात, आणि लायनरला तर उष्णता द्यायची नाही म्हणतात. इकडं खानापूर किंवा चंदगड भागात जो कुणी वापरतो त्यानं सांगा, बाहेरचं कापड रात्रभरात सुकतं का, की दुसरा लायनर घ्यावाच लागतो?