मदत हवी आहे: आईसाठी बघण्यासारखी मालिका सुचवा

आमच्या घरी १९९९ च्या 'आभाळमाया'पासून मराठी मालिका बघितल्या जातात. 'वादळवाट', 'अवंतिका' आणि मग 'अग्निहोत्र': नाशिकचा वाडा, आठ गणपतींचं रहस्य, घरात प्रत्येकाचा स्वतःचा तर्क! 'आभाळमाया'तल्या सुधा जोशीसारखी नोकरी करणारी, नवऱ्याला जाब विचारणारी बाई तेव्हा रोज पडद्यावर दिसायची. आताची नायिका सोशिकपणाच्या स्पर्धेत उतरल्यासारखी वागते, आणि खलनायिका घरातच असूनही कुणाला पत्ता नसतो. टीआरपी चांगला म्हणून कथा ताणायची, घसरला की अपघात, स्मृतिभ्रंश नाहीतर थेट सात वर्षांचा लीप. (भरजरी साडी नेसून झोपतं तरी कोण?)

आई वैतागते, पण संध्याकाळी सातला टीव्ही लागतोच.

तर विचारायचं होतं, सध्या चालू असलेली एखादी मालिका आहे का, जिच्यात माणसं माणसांसारखी बोलतात? विनोदी चालेल, कटकारस्थानं नकोत. आणि 'अग्निहोत्र'चं पहिलं पर्व सलग, अधिकृतपणे कुठे बघता येईल? आईला मोबाईल जमत नाही, त्यामुळे टीव्हीवर लागणारं ॲप असेल तर उत्तम. यूट्यूबवरचे अर्धवट तुकडे कृपया सुचवू नका.