बातमी आली आणि बदल झाला. पण बदल बातमीमुळेच झाला, हे दाखवायचे कसे?

गोमाईकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी जनसंवाद विषयात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असून लघुशोधप्रबंधासाठी 'माध्यमसक्रियता आणि सामाजिक बदल' हा विषय घेतला आहे. गाईड सरांनी माझा सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) दोनदा परत केला. दुसऱ्या वेळी समासात लाल शाईने एवढेच लिहिले होते, की बदल झाला हे समजले, पण तो बातमीने झाला हे कशावरून?

मी निवडलेली घटना सातपुड्यातील एका पाड्याची आहे. तेथे मोबाईलची रेंज नसल्याने रेशन दुकानदार अंगठ्याचा ठसा घेणारे पॉस मशीन घेऊन वरच्या टेकडीवर बसत असे आणि कार्डधारक उन्हात रांग लावत. मी स्वतः पाहिले आहे, की म्हाताऱ्या बाया मशीनवर अंगठा ठेवण्याआधी तो लुगड्याच्या पदराला घासत, कारण शेतात राबून रेघा झिजल्या की अंगठा उमटत नाही आणि त्या महिन्याचे धान्य अडते. गावातील दोन तरुणांनी याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ पावरी या आदिवासी बोलीत केला, तो मोबाईलवरून फिरला, वर्तमानपत्रात बातमी आली, एका वाहिनीनेही ती दाखवली, आणि आठवडाभरात त्या दुकानाचा परवाना निलंबित होऊन सगळी कार्डे दुसऱ्या गावच्या दुकानाला जोडली गेली. सिनॉप्सिसमध्ये मी ही घटना माध्यमसक्रियतेचे यश म्हणून मांडली होती. आता गेले तर लोक सांगतात, की पूर्वी टेकडी चढावी लागत होती, आता दोन तास चालावे लागते.

मग याला बदल म्हणायचे का? बातम्यांची कात्रणे मोजून काही सिद्ध होते का? आणि खान्देशात अशा अभ्यासाला आधार देणारे जुने काही आहे, की सर्व उदाहरणे बाहेरचीच घ्यावी लागतील?

जुना बातमीदार

ताई, तुमच्या सरांनी तुम्हाला अडवलेले नाही, प्रबंधाचा विषयच काढून दिला आहे. मी पंचवीसहून अधिक वर्षे तालुका वार्ताहर होतो आणि या एका प्रश्नापाशी मी स्वतः अनेकदा फसलो आहे. रस्त्याची बातमी दिली, महिन्याभरात खडी पडली, की कॉलर ताठ करून फिरायचे; पुढे कळायचे, की त्या कामाची निविदा बातमीच्या आधीच निघालेली होती.

कात्रणे मोजण्याविषयी प्रथम सांगतो. आपल्याकडील वर्तमानपत्रे जिल्हावार आवृत्त्यांत निघतात, त्यामुळे धडगावची बातमी नंदुरबारच्या आवृत्तीत ठळक छापली, तरी ज्या मंत्रालयातून निर्णय व्हायचा तेथील टेबलावर ती पोचतेच असे नाही. शिवाय तालुक्याचा वार्ताहर बहुधा पगारी नसतो, जाहिरातींच्या कमिशनवर त्याचे घर चालते. ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी त्याला मिळवायची असते, त्याच्याविरुद्धची बातमी तो आखडत्या हातानेच देतो. (हे मी दुसऱ्यांविषयी लिहीत नाही.) म्हणून एखाद्या प्रश्नावर वीस बातम्या आल्या आणि दुसऱ्यावर एकच आली, यावरून प्रश्नाचे मोठेपण ठरत नाही, ठरलेच तर बातमीच्या वाटेवर कोण बसलेले आहे एवढे ठरते. ही अडचण नवी नाही. १९२० साली डॉ. आंबेडकरांचा 'मूकनायक' निघाला, तेव्हा 'केसरी'ने पैसे देऊनही त्याची जाहिरात घेतली नव्हती. आशय विश्लेषण, म्हणजे बातम्यांत काय आणि किती आले याची मोजणी, जरूर करा, पण छापलेल्याबरोबर न छापलेल्याचीही नोंद ठेवा.

आता मूळ मुद्दा. एका मोठ्या कागदावर तारीखवार उतरंड मांडा : ग्रामस्थांचे पहिले निवेदन कधी गेले, व्हिडिओ कधी निघाला, पहिली बातमी कधी आली, तहसीलमधून पहिले पत्र कधी निघाले, निलंबनाचा आदेश कोणत्या तारखेचा आहे. मग माहितीच्या अधिकाराखाली पुरवठा शाखेकडे अर्ज करा; शुल्क १० रुपये असते आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. नुसता आदेश मागू नका, नस्तीतील, म्हणजे त्या प्रकरणाच्या फाइलमधील, टिप्पणीची प्रत मागा. जिल्हा माहिती कार्यालयातून बातम्यांची कात्रणे संबंधित खात्यांकडे जात असतात. तुमच्या नस्तीत असे कात्रण लावलेले असेल आणि त्यावर साहेबांनी खुलासा मागवला असेल, तर बातमी आणि कारवाई यांच्यामधला दुवा कागदावरच सापडला असे समजा. उलट चौकशी जुन्या तक्रारीवरून सुरू झालेली असेल, तर बातमीने तिची गती वाढवली एवढेच म्हणता येईल, आणि तेही सांगण्यासारखेच आहे.

अमळनेरकर

आधाराविषयी विचारले आहे म्हणून लिहितो. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातील मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढत. वाचक किती, तर एका वसतिगृहातले. पण रोज हाताने लिहिलेला तो कागद वाचून जी मुले घडली, त्यांच्यापर्यंत कोणत्याही छापील पत्राला तसे पोचता आले नसते. पुढे १९३८ मध्ये त्यांनी अमळनेरहून 'काँग्रेस' साप्ताहिक चालवले, १९४८ मध्ये मुंबईत 'साधना' सुरू केले. मात्र तुमच्या विषयाला सर्वांत उपयोगी उदाहरण यांतले नाही, ते पंढरपूरचे आहे. मे १९४७ मध्ये विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून गुरुजी उपोषणाला बसले, तेवढे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्याआधी काही महिने ते राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकासह महाराष्ट्रभर हिंडत होते आणि गावोगावच्या सभांतून लोकमत तयार करत होते. उपोषण ही बातमी झाली, तिच्याखालची जमीन मात्र गाण्यांनी आणि भाषणांनी आधीच नांगरली होती. माध्यम म्हणजे फक्त छापखाना असे धरले, तर हा सगळा भाग अभ्यासातून गळून पडतो.

तुमच्या घराजवळचे उदाहरणही आहे. १९७२ च्या सुमारास शहाद्यात आदिवासी शेतमजुरांची श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखे आदिवासी कार्यकर्ते आधीपासूनच काम करत होते, पुण्या-मुंबईहून 'मागोवा' या डाव्या विचारांच्या गटाची शिकलेली तरुण मंडळीही आली. त्या चळवळीत दारूविरुद्ध उठून दारूचे मडके फोडणाऱ्या बायांच्या हातात कोणतेही पत्र नव्हते. निरोप एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर गेला तो शिबिरांतून, मोर्च्यांतून आणि गाण्यांतून. त्या पिढीतील ज्या बाया आज आहेत, त्यांच्या मुलाखती घ्या, आणि त्या वेळी काय झाले असे विचारण्याऐवजी मोर्चा निघणार हे तुम्हाला कुणी सांगितले, असे विचारून पाहा. हे काम पुढच्या पिढीला करता येणार नाही.

जुन्या कागदपत्रांसाठी धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात एकदा चौकशी करावी, असे सुचवतो.

पांझरा

वरील दोन्ही उत्तरे चांगली आहेत, तरी त्यांत एक गृहीत धरलेले दिसते : सामान्य माणसाच्या हाती माध्यम आले, की त्यातून न्यायाकडेच जाणारा बदल होतो. मी साक्री तालुक्यातला आहे, म्हणून मला असे म्हणवत नाही.

१ जुलै २०१८ रोजी राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्याआधी मोबाईलवरून फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. आता तुमच्या प्रबंधाच्या दृष्टीने पाहा. ज्यांनी ते संदेश पुढे ढकलले, त्यांतील कित्येकांना आपण गावाला सावध करत आहोत, समाजाचे काम करत आहोत, असेच वाटत होते. साधन तेच, वेग तोच, आपल्या माणसाने पाठवले म्हणून बसणारा विश्वासही तोच, ज्याच्या बळावर तुमच्या पाड्याचा व्हिडिओ फिरला. तेव्हा फरक नेमका कोठे पडतो, हे शोधल्याशिवाय नुसत्या यशोगाथा गोळा करण्यात अर्थ नाही.

माझ्या मते तो फरक उत्तरदायित्वात आहे. रेशनच्या व्हिडिओत बोलणाऱ्यांचे चेहरे होते, जागा ओळखू येत होती, आणि उद्या कुणी विचारायला आले असते तर ते दोन तरुण गावातच सापडले असते. टोळीच्या संदेशाला ना चेहरा होता, ना गाव. मात्र ज्यांनी चेहरा दाखवला, त्यांच्यावर पुढे काय बेतले, हेही प्रबंधात आलेच पाहिजे.

सातपुडा पायथा

थोडक्यात दोनच गोष्टी. व्हिडिओ पावरीत होता आणि बातमी मराठीत आली, असे आपण लिहिले आहे. तर मूळ व्हिडिओतील प्रत्येक वाक्य उतरवून त्याच्याशेजारी बातमीतील वाक्ये ठेवून पाहावीत. आमच्या भागात मागणी एक असते आणि ती खाली उतरेपर्यंत दुसरीच होऊन बसते. त्यासाठी कुणी लबाडीच करावी लागते असे नाही, मथळ्यात मावेल तेवढेच पुढे जाते. घटनेला चौकट कोण घालतो याविषयी आपल्या अभ्यासक्रमात जे असेल, ते येथे प्रत्यक्ष दिसेल.

दुसरे असे, की त्या म्हाताऱ्या बायांना व्हिडिओ घेण्याआधी कुणी विचारले होते का? आपण मुलाखतीला जाल तेव्हा संमतीचा छापील मराठी कागद पुढे करू नका. त्यांच्या बोलीत समजावून सांगा, सोबत गावातील एखादी बाई घ्या, आणि नको म्हणाल्या तर परत या. मराठी कागदावर अंगठा मागायला आलेली आणखी एक व्यक्ती, एवढीच आपली ओळख तेथे होऊ नये.

गोमाईकाठ

सर्वांची मनापासून आभारी आहे. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण सातपुडा पायथा यांनी सांगितलेले काम आधी करून पाहिले. माझ्या वर्गातील एका पावरी मैत्रिणीला शेजारी बसवून व्हिडिओ शब्दशः उतरवला. पूर्ण दोन मिनिटांत दुकानदाराविरुद्ध एकही वाक्य नाही. लोक दोनच गोष्टी मागत आहेत : टॉवर होईपर्यंत वहीवर सही घेऊन धान्य द्या, आणि ज्यांचा अंगठा उमटत नाही त्यांना परत पाठवू नका. मैत्रीण मध्येच हसली म्हणून थांबून पुन्हा पाहिले, तर ऊन लागून मशीन बंद पडू नये म्हणून तिच्यावर छत्री धरून बसलेला माणूस स्वतः दुकानदारच होता. बातमीच्या मथळ्यात मात्र 'दुकानदाराची मनमानी' असे शब्द आहेत आणि टॉवरचा उल्लेख कोठेही नाही. मी स्वतः तो व्हिडिओ किमान पंधरा वेळा पाहिला होता, पण मथळा आधी वाचलेला असल्याने मला छत्री दिसलीच नव्हती.

सरांना हे दाखवले. त्यांनी सिनॉप्सिस ठेवून घेतला आणि शीर्षकातील 'यश' हा शब्द तेवढा खोडला. माहिती अधिकाराचा अर्ज सोमवारी पुरवठा शाखेत देऊन आले, पोच मिळाली आहे. पांझरा यांनी विचारलेल्या मुद्द्यावर अद्याप काही हाती नाही. त्या दोन तरुणांपैकी एक सध्या ऊसतोडीला गेला असून दुसरा फोन उचलत नाही.

जुना बातमीदार

फोन उचलत नसेल तर पाड्यावर जाऊन भेटा, पण त्याच्या घरी कॅमेरा घेऊन जाऊ नका. आणि टिप्पणीची प्रत हाती आली, की साहेबांच्या शेऱ्याखालची तारीख आधी पाहा. शेरा बातमीच्या आदल्या दिवशीचा निघाला, तर येथे अवश्य कळवा.