मदत हवी आहे : गिअरबॉक्स इंजिनपासून सुटत नाही, तातडीने सांगा

कुपवाड_शेड : रेस ट्रॅकच्या गाडीचा गिअरबॉक्स खाली घेतोय. बेलहाउसिंगचे (इंजिनाला जोडलेलं बॉक्सचं घंटेसारखं तोंड) बोल्ट काढले, माउंट सोडला, खाली ट्रॉली जॅक आहे. बॉक्स बोटभर सरकतो आणि तिथंच थांबतो. पहार घालून सोडवला तर चालेल का? पुढच्या आठवड्यात गाडी कोइमतूरला न्यायची आहे, ट्रेलर ठरलाय. सांगली-मिरजेत मिळेल अशाच सामानाचं सांगा.

मिरजकर : आवो, गाडी कुठली ते तरी लिवा की. चाकांकडं जाणारे शाफ्ट निघालेत का आतच हायत? इंजिनाला आधार कशाचा दिलाय? आणि बॉक्स काढायचं कारण काय?

साखळीकप्पी : एकटा बॉक्स खाली घ्यायच्या भानगडीत पडूच नका. बॉनेट काढा, साखळी-कप्पी लावा आणि इंजिनसकट वर घ्या. जोडणी बाहेर जमिनीवर होते, क्लच डोळ्यांसमोर बसवता येतो.

रॅचेट१७ : क्लच आणि गिअरबॉक्सच्या कामासाठी इंजिन वर घेणं म्हणजे रेडिएटर, होज, एक्झॉस्ट, वायरिंग, पेट्रोलच्या लाइन सगळं सोडणं. एवढं सोडलं की परत जोडताना गळती शोधण्यातच दिवस जातो. खालून काढता येतो तर खालूनच काढावा.

साखळीकप्पी : ट्रॅकच्या गाडीत एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही. सोडायला उरतं काय? खालून काढताना इनपुट शाफ्टवर (बॉक्समधून क्लचमध्ये जाणारा दांडा) बॉक्सचं वजन आलं की क्लच प्लेटचा हब वाकतो, ते कोण भरून देणार?

कुपवाड_शेड : मारुती एस्टीम आहे, एमपीएफआय म्हणजे फ्युएल इंजेक्शनवाली. शाफ्ट अर्थातच काढलेत. तिसरा गिअर टाकताना करकर करतो म्हणून बॉक्स उघडायचाय. मूळ प्रश्नाचं उत्तर द्या ना कुणीतरी, पहार लावू का?

रॅचेट१७ : पहार अजिबात नको. दोन्ही तोंडं अ‍ॅल्युमिनियमची आहेत. ओरखडा पडला की बॉक्स परत बसताना तिरका बसतो, जोर जास्त झाला तर बोल्टचा कान तुटतो.

आधी फट बघा. टॉर्च लावून गोल फिरवत चारही बाजूंनी फट सारखी आहे का ते तपासा. सगळीकडे सारखी असेल तर बोल्ट सगळे निघालेत, आणि बॉक्स एकतर क्लचच्या स्प्लाइनवर (शाफ्ट बसतो त्या खाचांवर) आवळतोय किंवा त्याचं मागचं टोक डावीकडच्या चासीला टेकलंय. अशा वेळी इंजिनाची डावी बाजू जॅकवर थोडी खाली घ्या. इनपुट शाफ्ट क्लचमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत बॉक्स सरळ रेषेतच सरकला पाहिजे, त्याआधी खाली झुकवायचा नाही. साखळीकप्पींची हबची भीती खरी आहे, पण बॉक्सखाली दुसरा जॅक धरला की वजन शाफ्टवर येत नाही.

फट एका बाजूला उघडी आणि दुसरीकडे बंद असेल तर बंद बाजूला काहीतरी धरून बसलंय. एक बोल्ट फायरवॉलच्या अंगाला असतो, तो वरून दिसत नाही. हात घालून बोटांनी चाचपा किंवा आरसा धरा. दुसरी जागा म्हणजे ब्लॉकपासून बेलहाउसिंगला येणारी खालची आधारपट्टी, तिचे बोल्ट मातीत बुजलेले असतात. तिसरा संशय डॉवेल पिनचा (दोन्ही तोंडं जुळवणारी पिन). ती गंजली असेल तर गंज सोडवणारं तेल मारून अर्धा तास थांबा आणि लाकडी ठोकळा ठेवून बेलहाउसिंगच्या जाड भागावर हातोडीने हलके ठोके द्या, दोन्ही बाजूंनी आलटून पालटून.

मिरजकर : आणि जॅक इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला (ऑइल संप) थेट टेकवू नका, मधी लाकडाची फळी घाला. पत्रा आत दबला की तेल ओढणाऱ्या नळीचं तोंड बंद हुतंय. ट्रॅकवर वळणात तेलाचा दाब पडला की बेअरिंग गेलीच समजा.

हबनट : शाफ्ट काढताना चाकाचा नट सोडला होता का? नट नीट आवळल्याशिवाय गाडी चाकावर ढकलू नका, बेअरिंग खराब होतं. नवीन नट घ्या आणि ठोकून खाचेत बसवा.

रॅचेट१७ : या कामात तो नट सोडायची गरजच नाही. खालचा बॉल जॉइंट सोडून नकल (चाकाचा हब धरणारा भाग) बाहेर ओढायची. शाफ्टचं आतलं टोक डिफरन्शिअलमध्ये रिंगने अडकलेलं असतं, ते टायर लिव्हरने जॉइंटच्या कडेला उचकटायचं. शाफ्टला धरून ओढलं तर आतला जॉइंटच सुटून येतो. टोकं निघाली की शाफ्ट तारेने बांधून ठेवा, लोंबकळू देऊ नका. ऑइल सीलच्या भोकात स्वच्छ कापडाचा बोळा घाला.

घाटवाला : ट्रेलर कुठला ठरलाय? कोल्हापूर ते बेळगाव रात्रीच निघा. उसाच्या ट्रॉल्या सुरू असल्या तर दिवसा रस्ता अंगावर येतो. पट्टे चाकावर बांधा, सस्पेन्शन आर्मवर नको.

कुपवाड_शेड : खाली फट बोटभर आहे, वर फायरवॉलकडे बंद.

रॅचेट१७ : मग तो वरचा बोल्टच. बॅटरी ट्रे आणि एअर फिल्टरचा डबा काढला की हात जातो. लांब एक्स्टेंशन आणि युनिव्हर्सल जॉइंट घ्या.

तेलवाला : तिसऱ्याची करकर बॉक्स न काढता जाते. जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल भरा, जास्त दाबाचं असतं.

मिरजकर : न्हाय चालत. जीएल-५ मधलं गंधक-फॉस्फरस या बॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगला (गिअर पडताना वेग जुळवणारी) खातंय. डब्यावर स्पष्ट जीएल-४ लिवलेलंच घ्या, ७५डब्ल्यू-९०. भरताना लेव्हलच्या बुचातनं वाहायला लागेस्तोवर भरा. आणि पुढच्या वेळी बघा, भरायचं बूच आधी सोडा, मग खालचं. सगळं तेल सांडल्यावर भरायचं बूच अडकलेलं निघालं तर काय करणार?

रॅचेट१७ : करकर फक्त तिसऱ्याला आहे का रिव्हर्सलाही? इंजिन चालू ठेवून क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबल्यावरही रिव्हर्स करकरत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, तेव्हा आधी क्लच केबलचं फ्री प्ले (मोकळी चाल) बघायला हवं. एकाच गिअरला असेल तर त्याच गिअरचा सिंक्रो.

कुपवाड_शेड : बोल्ट होता तिथंच. बॉक्स खाली आला. तेलात सोनेरी चकाकी आहे, चुंबकाला करडी चिखलासारखी पेस्ट. रिव्हर्स व्यवस्थित पडायचा. आता रिंग तेवढी बदलू का?

रॅचेट१७ : सोनेरी चकाकी म्हणजे रिंगचं पितळ. करडी पेस्ट नेहमीच्या झिजेची, पण हाताला पोलादाचे कण लागले तर बेअरिंगही उघडून बघा. रिंग गिअरच्या कोनवर बोटांनी दाबून बसवा आणि रिंग व गिअरच्या दातांमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) तीन ठिकाणी मोजा. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत खाली आली असेल तर रिंग बाद. पण रिंग एकटी बदलून भागत नाही. स्लीव्हच्या (गिअर टाकताना सरकणारं कडं) आणि तिसऱ्या गिअरच्या दातांची टोकं गोल झाली असतील तर नवी रिंगही लवकर जाईल. स्लीव्ह सरकवणाऱ्या फोर्कच्या टोकांची झीजही बघा. स्लीव्ह काढण्याआधी हबवर मार्करने खूण करा, उलटी बसली तर सगळं पुन्हा उघडावं लागतं.

साखळीकप्पी : बॉक्स बाहेर आहे तोवर रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग, क्रँकचं मागचं सील आणि शाफ्टची दोन्ही सीलं बदला.

मिरजकर : क्लच मध्यावर धराय कुपवाड एमआयडीसीत कुठल्याही लेथवर नायलॉनचा मँड्रेल (क्लच प्लेट मध्यावर धरणारा दांडा) करून घ्या. एक पायरी पायलट बेअरिंगच्या भोकाची, दुसरी स्प्लाइनच्या आतल्या व्यासाची. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळा. बसवताना बॉक्स शेवटचा इंचभर राहिला म्हणून बोल्टनं ओढून घेऊ नका. क्रँक पुली थोडी फिरवा, स्प्लाइन जुळली की हातानं बसतोय. फीलरचं माप आलं की हितंच टाका.