शब्दचर्चा: राष्ट्रपती, राष्ट्राध्यक्ष की अध्यक्ष?

प्रश्न: डॉ. राजेंद्रप्रसादांच्या एका मराठी चरित्राच्या हस्तलिखितात १९३४ सालच्या प्रकरणात ‘राष्ट्रपती राजेंद्रबाबू मुंबईत दाखल झाले’ असं वाक्य आहे. देश स्वतंत्रच नव्हता, मग राष्ट्रपती कुठून? पुढे जॉर्ज वॉशिंग्टनलाही ‘अमेरिकेचे पहिले राष्ट्रपती’ म्हटलंय. आणि ‘राष्ट्रपतिभवन’ की ‘राष्ट्रपती भवन’?

जुनी कात्रणं: पहिलं वाक्य कापू नका, ते बरोबर आहे. त्या काळात काँग्रेसच्या अध्यक्षांना ‘राष्ट्रपती’ म्हणायची सर्रास पद्धत होती. ऑक्टोबर १९३४च्या मुंबई अधिवेशनाचे अध्यक्ष राजेंद्रबाबूच होते. त्याच वर्षी १५ जानेवारीला बिहारमध्ये भूकंप झाला आणि मदतकार्याच्या उभारणीमुळे त्यांचं नाव देशभर झालं होतं. १९३८च्या हरिपुरा अधिवेशनाचे अध्यक्ष सुभाषबाबूही ‘राष्ट्रपती’. नेहरूंनी १९३७ साली ‘चाणक्य’ या टोपणनावाने ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकात स्वतःवरच टीका केली, त्या लेखाचं शीर्षकसुद्धा ‘राष्ट्रपती’.

राजेंद्रबाबूंच्या बाबतीत घोटाळा जास्त होतो, कारण सुभाषबाबूंच्या राजीनाम्यानंतर १९३९ मध्ये आणि कृपलानींच्या राजीनाम्यानंतर १९४७ मध्ये ते पुन्हा काँग्रेसचे अध्यक्ष झाले. म्हणजे २६ जानेवारी १९५०च्या आधी हा शब्द पक्षाचा आणि नंतर राज्यघटनेचा. पहिल्या उल्लेखापाशी तळटीप द्या आणि मूळ शब्द राहू द्या.

मुद्रितशोधक: लेखनापुरतं सांगतो. संस्कृतात ‘पति’ ऱ्हस्व, पण मराठीत तत्सम (संस्कृतातून जसाच्या तसा आलेल्या) शब्दाचा अंत्य इकार दीर्घ लिहायचा, म्हणून सुटा शब्द ‘राष्ट्रपती’. समासात तो पूर्वपद झाला की पुन्हा ऱ्हस्व: राष्ट्रपतिपद, राष्ट्रपतिभवन. शब्द तोडून लिहायचे असतील तर ‘राष्ट्रपती भवन’, ‘राष्ट्रपती राजवट’. ‘राष्ट्रपति भवन’ हे हिंदी पाटीवर ठीक, मराठी मजकुरात नको. विभक्ती लागली तरी दीर्घच: राष्ट्रपतीला, आणि आदरार्थी राष्ट्रपतींनी, राष्ट्रपतींचा. ‘राष्ट्रपतिंनी’ हे रोज दिसतं आणि रोज चूक असतं.

प्रश्नकर्ता: ‘पती’वरून २००७ साली बराच वाद झाला होता ना?

मुद्रितशोधक: झाला होता. आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील त्या पदावरच्या पहिल्या महिला. इथे ‘पती’ म्हणजे स्वामी, पालक. सेनापती, सभापती, कुलपती यांत आहे तोच. पदनाम बदलायचं कारण नाही. ‘राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील म्हणाल्या’ इतकं पुरे.

घटनेचा विद्यार्थी: हा शब्द घटनेत सरळ वाटेने आलेला नाही. जुलै १९४७ मध्ये संविधान सभेपुढे आलेल्या अहवालात ‘प्रेसिडेंट’ या इंग्रजी पदनामापुढे कंसात ‘राष्ट्रपती’ होतं. पुढच्या मसुद्यात कंस गळला. डिसेंबर १९४८ मध्ये सभेचे सदस्य ह. वि. कामतांनी त्याबद्दल विचारलं, तेव्हा डॉ. आंबेडकरांचं म्हणणं असं की हा मसुदा इंग्रजीत होतो आहे. हिंदी मसुद्यात ‘प्रधान’ आहे, उर्दूत ‘सरदार’. मराठी वाचकाला ‘भारताचे प्रधान’ म्हटल्यावर मंत्रीच आठवला असता, तेव्हा पुढे ‘राष्ट्रपती’ टिकला ते बरंच झालं.

पदाचा अर्थ मात्र ४ नोव्हेंबर १९४८लाच स्पष्ट झाला होता. आंबेडकरांनी सांगितलं की हे पद ब्रिटनच्या राजासारखं आहे: राज्याचा प्रमुख, पण कार्यकारी सत्तेचा नाही, तो राष्ट्राचं प्रतिनिधित्व करतो, राज्य करत नाही. वॉशिंग्टनचा प्रश्न इथेच सुटतो. ३० एप्रिल १७८९ला न्यूयॉर्कमध्ये शपथ घेतलेला तो गृहस्थ राष्ट्रप्रमुखही होता आणि शासनप्रमुखही. त्याला ‘राष्ट्राध्यक्ष’ किंवा नुसतं ‘अध्यक्ष’ लिहा. नेपाळचे रामबरण यादव मात्र ‘राष्ट्रपती’च, कारण त्यांच्या भाषेतही तोच शब्द आहे.

प्रश्नकर्ता: हस्तलिखितात आणखी तीन वाक्यं खटकतात: ‘घटना समितीचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद’, ‘१९५० मध्ये नेहरूंनी त्यांची नेमणूक केली’ आणि ‘ते तिन्ही वेळा बिनविरोध निवडून आले’.

घटनेचा विद्यार्थी: पहिलं बरोबर, पण धोक्याचं. जुन्या मराठीत संविधान सभेलाच ‘घटना समिती’ म्हणत. आजचा वाचक ती मसुदा समिती समजतो आणि तिचे अध्यक्ष तर आंबेडकर, असं म्हणून चूक काढतो. ‘संविधान सभेचे अध्यक्ष’ लिहा. ११ डिसेंबर १९४६ला त्यांची निवड झाली.

दुसरं चूक. ती निवडणूकच होती, फक्त मतदार वेगळे. मूळ घटनेच्या अनुच्छेद ३८० प्रमाणे पहिला राष्ट्रपती संविधान सभेने निवडायचा होता. नेहरू सूचक, पटेल अनुमोदक, अर्ज एकच. २४ जानेवारी १९५०ला ते बिनविरोध निवडून आल्याचं जाहीर झालं. दोन दिवसांनी सरन्यायाधीश हरिलाल कणिया यांनी त्यांना शपथ दिली. इथे ‘दिली’ आणि ‘घेतली’ची अदलाबदल फार होते.

तिसरंही चूक. १९५२ मध्ये खासदार आणि विधानसभांचे आमदार यांच्या निर्वाचकगणाने मत दिलं. राजेंद्रबाबूंच्या मतांचं मूल्य ५,०७,४०० आणि विरोधी उमेदवार के. टी. शहांच्या मतांचं ९२,८२७. ही माणसं मोजलेली नाहीत, मतमूल्य आहे. ‘पाच लाख मतदार’ असं कोणी लिहिलं तर खोडा. १९५७ मध्येही विरोधात उमेदवार होते.

जुनी कात्रणं: ‘सल्ला’ या शब्दावर थोडं लिहाच, कारण त्यांच्या कारकिर्दीतला खरा पेच तो आहे. व्यवहारात सल्ला ऐकावा किंवा सोडावा. मंत्रिमंडळाने राष्ट्रपतींना द्यायच्या, अनुच्छेद ७४ मधल्या ‘साहाय्य व सल्ला’ यातला सल्ला बंधनकारक आहे असं तेव्हा कलमात लिहिलेलं नव्हतं. सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिलावरून (हिंदूंच्या विवाह-वारसा कायद्यांत सुधारणा करणारं विधेयक) राजेंद्रबाबूंनी नेहरूंना कळवलं की विधेयकाबद्दल स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्यायची त्यांची इच्छा आहे. महान्यायवादी (केंद्र सरकारचे मुख्य कायदेविषयक सल्लागार) मोतीलाल सेटलवाड यांचं मत पडलं की राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागायचं. राजेंद्रबाबूंनी ताणलं नाही, पण प्रश्न सोडलाही नाही. २८ नोव्हेंबर १९६०ला दिल्लीतल्या भाषणात या अधिकारांचा अभ्यास व्हावा असं त्यांनी जाहीरपणे म्हटलं. बंधन कलमात शब्दशः आलं ते १९७६च्या ४२व्या दुरुस्तीने. सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवायची सोय ४४वीची.

त्यामुळे त्यांना ‘रबरी शिक्का’ म्हणणारं वाक्य असेल तर ते आळशी वाक्य आहे. १९५४ मध्ये पेप्सू (पतियाळा व पूर्व पंजाब संस्थानांचा संघ) राज्याच्या, राष्ट्रपती राजवटीमुळे संसदेने संमत केलेल्या विनियोजन विधेयकाला (सरकारी खर्चाला परवानगी देणाऱ्या) त्यांनी अनुमती दिली नाही, कारण ते सहीसाठी येईपर्यंत तिथली राष्ट्रपती राजवट उठली होती. आणि हो, ‘अनुमती’च लिहा. ‘मंजुरी’ संसद देते.