मदत हवी आहे: बातमीचा पहिला परिच्छेद मुलांना कसा शिकवावा?

नमस्कार. परभणी जिल्ह्यातल्या शाळेत नववी-दहावीला बातमीलेखन शिकवतो आहोत. शीर्षक, स्थळ, तारीख, कोण-काय-कुठे-कधी हे सगळं मुलांना पाठ आहे. गाडं अडतं ते पहिल्या परिच्छेदात. १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाची बातमी दीपप्रज्वलनापासून सुरू होते, मग सत्कार, मग प्रास्ताविक. आणि पाहुण्यांनी ग्रंथालयाला जाहीर केलेली देणगी शेवटच्या ओळीत! मुलं कार्यक्रमपत्रिकेच्या क्रमानं लिहितात, हे त्याचं कारण. निबंधाच्या सवयीनं 'अतिशय उत्साहात' वगैरेही येतंच.

सध्या दहा सुट्या मुद्द्यांच्या चिठ्ठ्या देऊन त्यातल्या फक्त दोन निवडायला सांगतो आणि २५-३० शब्दांत पहिलं वाक्य लिहून घेतो. नंतर शेवटचा परिच्छेद झाकून वाचायचं. बातमी तरीही पुरी वाटली पाहिजे. वर्गात हे छान जमतं. प्रत्यक्ष कार्यक्रमाला पाठवलं की पुन्हा तोच क्रम.

टिपणं घेतानाच क्रम मोडायची सवय कशी लावता? भाषणातलं कोणतं वाक्य जसंच्या तसं घ्यायचं, हे कसं समजावता? आणि टँकरच्या पाण्यासारख्या विषयाला कार्यक्रमपत्रिकाच नसते; तिथे मुलांना सरपंच, ग्रामसेवक, पाणी भरणाऱ्या बाया यांपैकी आधी कुणाकडे पाठवावं?