होडीतून गळ टाकायला पंचगंगेचा कुठला टप्पा?

दाजींची फायबरची होडी हाताला लागलीया. रविवारी दोघं निघणार. प्रयाग चिखलीच्या संगमाकडनं राजाराम बंधाऱ्यापर्यंत खाली यावं, का सरळ नरसोबावाडीकडं? मिनेसोटातला भाचा सांगतो, तिथला वॉलाय मासा जोराचं आणि संथ पाणी घासतं त्या शिवेवर सापडतो, तेही दिवस मावळताना. आपल्याकडं लागू पडतं का?

उत्तर: पडतं की, पण आपलं पाणी वाहतं कुठं? बरगे, म्हणजे बंधाऱ्याच्या गाळ्यांत बसवायच्या फळ्या, घातले की बंधाऱ्यामागं नुसतं तळं! संगमाची गोष्ट वेगळी, तिथं कासारी आणि भोगावती गाठ घेतात, शीव डोळ्यांनी दिसती. गेल्या दिवाळीनंतर मी तिथंच वाकलेल्या करंजाखाली होडी बांधली. दोन तास चिलापीच खेळवत बसलो. अंधार पडताना शिवडा लागला, आमिषाला जित्ता बारका मासा. दोरानं बोट कापलं, अजून वण आहे. मरळ पाहिजे तर होडी घरी ठेवा, ती काठच्या गवतात असती.

उत्तर: शहरातले नाले मिळतात त्याच्या खाली गळ टाकू नका. खाणार कोण?

उत्तर: बरगे काढलेले असताना बंधाऱ्याजवळ होडी अजिबात नको, पाणी ओढून नेतं. आमची काहील, गूळ करायची मोठी कढई, होडीसारखी पाण्यात घातलेली, अशीच गेली. गुऱ्हाळाची होती, थोरल्या काकांनी वर्षभर तोंड बघितलं नाही.

प्रश्नकर्ता: ठरलं, संगम. दाजींना काहिलीचं सांगत नाही.